रक्ताची तारीख

थॅलेसेमियाच्या लेकरांच्या आया वॉर्डात एकमेकींना भेटल्या की ख्यालीखुशाली विचारत नाहीत. ‘किती आलं?’ एवढंच विचारतात. सात आलं, साडेसात आलं, मागच्या खेपेला तर सहावर होतं. हे हिमोग्लोबिनचे आकडे. रक्त लावायच्या आधीही ते नऊच्या खाली जाऊ नये, असं वैद्यकशास्त्र सांगतं. पण सोयाबीनची काढणी चालू असते, हातात पैसे नसतात, रक्तपेढीत त्या गटाची पिशवी नसते, आणि नवाचं सात होतं. सातवर लेकरू चिडचिडं होतं, खेळायचं सोडून भिंतीला टेकून बसतं. आईला आकडा मशीनच्या आधी कळतो.

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, ही या दोन जिल्ह्यांतल्या गरिबांची मोठी दारं. विष्णुपुरीचं नाव ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभर गाजलं. चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यांत १२ नवजात बाळं. मंत्री आले, कॅमेरे आले, काही दिवसांनी पांगले. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लावून घरी जाणारं लेकरू मात्र बातमीत बसत नाही. ते मरत नाही आणि बरंही होत नाही. त्याच्या घरात जे सुरू होतं ते वर्षानुवर्षं चालतं. ते काम नवरा-बायकोत कसं वाटलं जातं, आणि ती वाटणी नेमकी कोण करतं, हे मला पाहायचं होतं. घराघरांतला स्वभाव एवढंच कारण असेल असं सुरुवातीला वाटत होतं. तसं दिसलं नाही.

थॅलेसेमियाची सुरुवात तर काटेकोर बरोबरीने होते. ‘मेजर’ व्हायला आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं. एकाकडूनच आलं तर मूल नुसतं वाहक, म्हणजे ‘मायनर’. त्याला जन्मभर पत्ताही लागत नाही. दोघं मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता. प्रत्येक, हा शब्द महत्त्वाचा. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे नाही. तरी बोट दाखवलं जातं ते सुनेकडे: ‘तिच्या माहेरचं रक्त.’ आपल्याकडे मामाची मुलगी करायची चाल जुनी आहे, आणि नात्यातल्या लग्नांत दोघं मायनर निघण्याची शक्यता वाढते. अशा घरात सुनेचं माहेर म्हणजे सासूचंही माहेरच. दोष द्यायच्या भरात हे साधं नातं कुणाच्या लक्षात येत नाही.

रक्त न गोठण्याच्या आजारात, हिमोफिलियात, सुनेची अवस्था आणखी वाईट. तिथे सदोष जनुक बहुधा आईकडून मुलाकडे येतं. डॉक्टर ते सरळ सांगून मोकळे होतात आणि सासरी त्याचा दाखला होतो. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो, जनुकातला बदल नव्याने झालेला असतो, हे पुढचं वाक्य ऐकायला कुणी थांबत नाही.

रोग ठरला की कामं पडतात. थोडक्यात सांगायचं तर रक्त बापाकडे जातं आणि लोह आईकडे.

रक्त मिळवणं हे घराबाहेरचं काम. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनाशुल्क द्यावं, बदली रक्तदाता मागू नये, असा नियम आहे. नियमाने पिशवी फुकट होते, हजर होत नाही. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. मंडपामंडपांतून शिबिरं लागतात, रक्तपेढीची शीतपेटी भरते. पण तांबड्या पेशींची पिशवी टिकते फार तर ४२ दिवस. एप्रिलच्या मध्यात घेतलेलं रक्त मे संपेपर्यंत कामातून जातं. कॉलेजं बंद, ऊन बेचाळीसच्या वर, लग्नसराई; शिबिर घ्यायला कुणी तयार नसतं. मग बाप फोन लावत बसतो. स्वतःचं द्यायला तो तयार असतो, पण रक्तदात्याचं हिमोग्लोबिन साडेबारा लागतं आणि मायनर माणूस पुष्कळदा तिथेच अडतो. बायकांकडे तर मागायचीच पंचाईत: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. तेव्हा गणेश मंडळातली पोरं, मेव्हण्याचे मित्र, शाळेतले जुने सोबती, आमदाराच्या कार्यालयातला ओळखीचा. बापाची ही पळापळ सगळ्या गावाला दिसते. लेकरासाठी किती करतो, असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही.

लोहाचं काम कुणाला दिसत नाही. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण दोनशे मिलीग्रॅम लोह अंगात जातं. शरीर दिवसाला बाहेर टाकतं जेमतेम एक मिलीग्रॅम. उरलेलं काळजात, यकृतात, ग्रंथींत साचत राहतं. थॅलेसेमियाची लेकरं रक्ताच्या कमतरतेने मरण्याचे दिवस मागे पडले. आता ती साचलेल्या लोहाने मरतात, तेही ऐन तरुणपणी. ते उतरवायला रोज औषध लागतं. पाण्यात विरघळवायची गोळी मिळते. ती रिकाम्या पोटी, रोज एका वेळेला, ग्लासभर पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात ढवळून द्यायची. दुधात चालत नाही. लेकराने ग्लास संपवला तरी तळाशी पांढरा साका राहतो. त्यात पुन्हा घोटभर पाणी घालून, ढवळून तोही पाजावा लागतो, नाहीतर औषधाचा काही भाग मोरीत जातो. मग अर्धा तास खायला द्यायचं नाही, आणि शाळेची घंटा व्हायच्या आत डबा तयार हवा. लेकरू ओकलं तर पुन्हा द्यायची की नाही, ते ठरवायचं. एखाद्या दिवशी बापाने औषध दिलं की घरातला संवाद ठरलेला असतो. ‘दिलं का?’ ‘दिलं.’ ‘खालचं?’ यावर बाप गप्प.

या कामाला टाळ्या नाहीत आणि चुकलं तर लगेच दिसतही नाही. चार महिन्यांनी फेरिटिनचा, म्हणजे साचलेल्या लोहाचा, आकडा वाढून येतो तेव्हा विचारणा होते, आणि ती आईकडेच होते.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायकांनी घरातल्या माणसांची देखभाल केल्याची नोंद आहे, पुरुषांपैकी २१.४ टक्क्यांनी. जे करतात त्यांचा वेळ दिवसाला बायकांचा १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. हे निरोगी घरांसकट सगळ्यांचे आकडे झाले. रक्ताच्या तारखेचा दिवस याच्यात मोजून बघा. पहाटेची एस.टी., केसपेपर, नमुना, क्रॉसमॅचसाठी थांबणं, मग शीर सापडणं. वर्षानुवर्षं टोचलेल्या हातात शीर सहज सापडत नाही. आई लेकराचा हात धरते, तोंड फिरवते आणि सिस्टरला सांगते, ‘डाव्या मनगटात बघा, मागच्या वेळी तिथं भेटली होती.’ पिशवी शीतपेटीबाहेर काढल्यापासून चार तासांत संपवायची असते. पहिली पंधरा मिनिटं डोळ्यांत तेल घालून बघायचं: हुडहुडी, अंगावर पित्त, धाप. नियमाने ही नजर सिस्टरची. पण एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो. त्यामुळे ती नजर आईची होते, पगाराशिवाय, शिक्षणाशिवाय, आणि बहुधा अचूक.

आता ‘ही वाटणी कोण करतं’ हा प्रश्न. नवरा करतो, सासू करते, रीत करते, सगळं खरं. पण सरकारी कागदही करतो.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलीच गोष्ट. मुखेडहून नांदेडला लेकराला घेऊन कोण जाणार, हा प्रश्न त्या दिवशी कंडक्टरच्या मशीनने सोडवून टाकला: आई निम्म्या पैशात जाते. रोजाने जाणाऱ्या घरात बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी, तिकीटही कमी. मग हिशेब करणाऱ्याला दोष कसा द्यायचा? रेल्वे थॅलेसेमियाच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला भाड्यात मोठी सूट देते. सोबतचा माणूस एकच. दवाखान्यातला पासही एकाच नातेवाइकाचा. एकालाच आत सोडायचं तर ज्याला सगळं माहीत आहे त्याला सोडतात, आणि ज्याला आत सोडतात त्यालाच पुढचं माहीत होत जातं. दोन-तीन वर्षांत आईला औषधांचे डोस तोंडपाठ होतात, बापाला दवाखान्याचं फाटक आणि रक्तपेढीची खिडकी.

सरकारी नोकरदार तरी सुखी असतील असं वाटतं. राज्य सरकारने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळू शकते. अट अशी की त्याची बायको हयात नसावी, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असावी. केंद्राकडे ७३० दिवस आहेत, तेही महिलांना आणि एकल पुरुषांना. धडधाकट बायको असलेल्या शिक्षकाला आजारी लेकराजवळ बसायचं असेल तर त्याने आपली किरकोळ रजा मोडावी. बाप हा आईचा बदली कामगार आहे, असं कुठल्याही भाषणात कुणी म्हणणार नाही. शासन निर्णयात ते बिनदिक्कत लिहिलंय.

सहीच्या वेळी मात्र गाडी उलटी फिरते. वर्षभर आई येते, पण मोठी तपासणी किंवा शस्त्रक्रिया ठरली की विचारलं जातं, ‘वडील कुठायत?’ १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असा क्रम आहे. लेखिका गीता हरिहरन रिझर्व्ह बँकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ‘नंतर’चा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर एवढाच नाही, तो लक्ष घालत नसेल, जवळ नसेल, तर आईच पालक. हा निकाल पंचविशी ओलांडून गेला. टेबलापलीकडच्या बाबूपर्यंत तो अजून पोचायचाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचं नाव आणि मग बापाचं लिहितात. केसपेपरवर नाव आलंय. सहीला वेळ लागेल.

आता कोयत्याची गोष्ट. जळकोट, अहमदपूर, रेणापूर, इकडे मुखेड, कंधार, लोहा. दसरा-दिवाळी झाली की या भागातून माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. एकजण गेला की कामच उभं राहतं. खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. ज्या घरात दर वीस दिवसांनी रक्ताची तारीख आहे, त्या घराने काय करायचं? लेकराला फडावर न्यायचं तर फाईल नांदेडला आणि पाल कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर थेट कर्नाटकात. बायको मागे राहिली तर कोयता मोडला. मुकादम अर्ध्या कोयत्याला उचल देत नाही. राहता राहिली आजी. पंचाहत्तर ओलांडली असेल तर तिला एस.टी. फुकट. ती येते, पदराला औषधाची चिठ्ठी बांधून. तिला वाचता येत नाही, डोस बदललेला कळत नाही, पण तारीख ती चुकवत नाही. नवरा-बायकोंनी देखभाल कशी वाटून घ्यावी यावर परदेशात ढिगाने संशोधन होतं. त्यात ही तिसरी बाई क्वचितच असते, आणि आपल्याकडे निम्मा गाडा तिच्यावर चालतो.

किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात आजार बदलतो. गोंड, कोलाम, आंध वस्त्यांत सिकलसेल आहे. वाहकाला पिवळं कार्ड, रुग्णाला लाल. इथेही जनुक दोघांकडून यावं लागतं, पण आजाराचं घड्याळ निराळं. थॅलेसेमिया तारीख देऊन येतो. सिकलसेलची कळ रात्री-अपरात्री उठते, थंडीत जास्त, पाणी कमी पडलं की जास्त. हाडं ठणकतात, लेकरू गडाबडा लोळतं. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रुग्णाला एस.टी. मोफत आहे, पण कळ काही गाडीच्या वेळा बघून येत नाही. अशा वेळी मोटारसायकल कुणाला चालवता येते, जीपवाल्याला कोण उठवणार, हे प्रश्न येतात आणि बाप पुढे होतो. रोजची हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड पुन्हा आईकडेच. मला यातून एक ठोकताळा सापडला: तारखेचा आजार आईकडे जातो, तातडीचा बापाकडे. माणसं तीच, रीतही तीच. आजार कोणत्या वेळी हाक मारतो त्यावर कोण उठणार ते ठरतं.

टाइप वन मधुमेहात तारीखही नाही आणि तातडीही कधीमधीच; तो प्रत्येक जेवणाला हजर असतो, म्हणून तो पुरता आईचा. मध्यरात्री उठून लेकराच्या बोटाला टोचणं, साखर उतरली असेल तर गूळ-साखर चारणं. वीज गेली की इन्सुलिन माठाशेजारी ठेवणं. छत्रपती संभाजीनगरची डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था मराठवाड्यातल्या अशा मुलांसाठी काम करते, आणि तिचा भर मुलांना स्वतःची काळजी स्वतः घ्यायला शिकवण्यावर आहे. आई-बापाच्या वाटणीचा वाद मिटवायचा हा एक मार्ग झालाच: लेकरालाच भागीदार करून घ्यायचं.

लातुरात एक वेगळी गोष्ट दिसते. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने खेड्यापाड्यांतून मुलं शिकवणीला येतात आणि कितीतरी घरांत आई त्यांच्यासोबत येऊन भाड्याच्या खोलीत राहते. बाप गावाकडे शेती बघतो, शनिवार-रविवारी धान्य आणि दूध घेऊन येतो. या विभागलेल्या संसाराला लातुरात मान आहे. मुलगा डॉक्टर होणार असतो. सेरेब्रल पाल्सीच्या लेकराला थेरपीसाठी घेऊन एखादी आई अशीच खोली करून राहिली, तर मात्र गाव म्हणतं, घर सोडून बसली, आता ते काय चालणार आहे होय? हरंगुळच्या ‘संवेदना’ सेरेब्रल पाल्सी विकसन केंद्रासारख्या ठिकाणी अशी मुलं येतात. या आजारात बापाला ओढून आणणारी एक गोष्ट आहे: वजन. तीन वर्षांचं लेकरू आई काखेत घेऊन फिरते. दहाव्या वर्षी ते पंचवीस किलोचं होतं, आईची कंबर जाते, आणि न्हाणीत न्यायला, रिक्षात बसवायला बाप लागतो. उशिरा का होईना, त्याचे हात लेकराच्या अंगाला लागतात. शिकतोही. कुठे धरलं की पाय आखडतात, कुठे धरलं की सैल होतात, हे त्याला कळायला लागतं आणि तो ते इतर बापांना सांगतो.

बापांविषयी लिहिताना हात आखडता घेऊ नये. पुण्यात सिक्युरिटीची रात्रपाळी करून पैसे पाठवणारा, एक एकर विकून मुंबई-वेल्लोरच्या चकरा मारणारा माणूसही देखभालच करत असतो. नांदेड हा राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांपैकी एक होता, जुलै २०१२ मध्ये; पुढे तिचं नाव महात्मा फुले जनआरोग्य योजना झालं. योजना दवाखान्याचं बिल भरते, बुडालेला रोज भरत नाही. तो बाप भरतो, सावकाराकडून आणून. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा थॅलेसेमियावरचा पक्का इलाज. वेल्लोरला १९८६ मध्ये ते सुरू झालं. त्याला जुळणारा दाता लागतो आणि सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता पुन्हा चारांत एक. जुळलं तर पैसे, आणि दूरच्या शहरात काही महिने मुक्काम. आई तिकडे, बाप इकडे, उरलेली लेकरं मावशीकडे. काही बाप यातलं काहीच करत नाहीत, सोडून जातात. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही.

थॅलेसेमियातलं हे सगळं टाळता येतं, ही गोष्ट मात्र राहून राहून खुपते. एचबीए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची एक तपासणी; ते साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की माणूस मायनर असण्याची शक्यता दाट. सायप्रसने १९७० च्या दशकात हे मनावर घेतलं, चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली, आणि तिथे मेजर बाळांचा जन्म जवळजवळ थांबला. आपल्याकडे छत्तीस गुण जुळवायला दोन्हीकडची माणसं बसतात. तपासणीचं कुणी काढलंच तर मुलीची करून आणा म्हणतात, मुलाची नाही. गरोदरपणातही आधी तिचंच रक्त घेतात. ती मायनर निघाली तर नवऱ्याला बोलावतात, आणि ‘मला काय झालंय?’ म्हणून तो येत नाही. दोघांच्या जनुकांचा आजार एकाच्या रक्तात शोधायचा हा उद्योग आहे.

शेवटी वयाचा एक नियम. बालरोग वॉर्डाची मर्यादा सरकारी दवाखान्यांत साधारण बाराची. त्यानंतर मुलगा मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात जातो, आणि तिथे रात्री बाईमाणसाला सहसा थांबू देत नाहीत. म्हणजे बारा वर्षं ज्या आईने शीर, डोस, फेरिटिन, साका सगळं सांभाळलं, ती व्हरांड्यात, आणि आत पहिल्यांदाच बाप. राऊंडला डॉक्टर विचारतात, गोळी किती मिलीग्रॅमची चालू आहे? बाप मुलाकडे बघतो. मुलगा सांगतो. कुठे कुठे आया आता आधीच फाईल बापाला समजावून ठेवतात, मुलगा दहा-अकराचा झाला की दोन तारखा त्याला मुद्दाम एकट्याने पाठवतात, आणि घरी येऊन खोदून खोदून विचारतात. मुलगी असेल तर ही वेळ येत नाही. ती बायकांच्या वॉर्डात जाते, आणि तिथे रात्री बापाला कोणी थांबू देत नाही.